मागचं उजवं चाक

आमच्या अमरावतीत एकदा भर कीर्तनात आबासाहेब देशमुखांनी बुवांना हात वर करून थांबवलं. बुवा अगदी रंगात आले होते. सुदामा द्वारकेच्या दारात उभा होता आणि द्वारपाल आत वर्दी द्यायला गेला होता. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणाची तरी मोटार किंचाळत थांबली. आबासाहेबांनी डोळे मिटले, एक बोट हवेत धरलं. मंडपाला वाटलं, म्हाताऱ्याला भाव चढला. आबासाहेब शांतपणे म्हणाले, "पुढचं डावं. रेती घुसली हाये." मग बुवांकडे वळून, "हं, चालू द्या महाराज."

सुदामा बिचारा तोवर दारातच ताटकळला होता.

आणखी एकदा एका बारशात गावातल्या एका रायबहादुरांची मोटार दारात येऊन थांबली. ते पायरी चढत नाहीत तोच आबासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "रायबहादूर, मागच्या दोनी चाकायचे ब्रेकचे पट्टे गेले तुमचे. घरी पायी जा." रायबहादुरांना राग आला. ते मोटारीनंच गेले आणि स्वतःच्याच फाटकावर जाऊन आदळले. दुसऱ्या दिवशी आबासाहेब समाचाराला गेले, म्हणजे रायबहादुरांच्या नव्हे, मोटारीच्या.

कुणी वाद घालायला गेलं तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आधी आयका, मंग बोला." हे ते डॉक्टरला म्हणत, भटजीला म्हणत, मला तर उठता-बसता म्हणत. मी त्यांचा शेजारी. हायस्कुलात मास्तर. जन्मात मला एकच चैन माहीत, सुटीच्या दुपारची झोप. तिच्यावर या माणसाच्या मोटारीनं काय अत्याचार केले म्हणता! माझ्या जागी दुसरा असता तर कोर्टात गेला असता.

वलगावला त्यांची काळ्या मातीची चांगली जमीन. एके साली कापसाला भाव बरा आला आणि हे एक जुनी मोटार घेऊन आले. घेतली त्या दिवसापासून ती ओरडत असे. कोपऱ्यावरच्या लिंबाशी ब्रेक दाबला की अशी केकाटे की झाडावरचे कावळे उडत. त्या आवाजासरशी दोन गोष्टी हमखास घडत. इकडे माझी झोप मोडे आणि तिकडे देशमुखांच्या घरात कुसुम स्टो पेटवून चहाचं आधण ठेवी.

कुसुम ही आबासाहेबांची एकुलती एक मुलगी. आई तिच्या लहानपणीच गेलेली. घरात बाप-लेक दोघंच. दाराशी मोटार लावून, जोडे काढून, पाय धुऊन आबासाहेब झोपाळ्यावर बसत, तोवर चहाचा कप हातात. तिच्या हातचा सोडून दुसरा चहा त्यांना चालत नसे. आमच्याकडचा त्यांनी एकदा घेतला आणि माझ्या बायकोला तोंडावर सांगितलं, "वहिनी, हे काढा म्हून चांगलं हाये." ती अजून बोलते त्याबद्दल, आणि मलाच बोलते.

मग कुसुमचं लग्न ठरलं. मुलाचे वडील अकोल्याच्या जुन्या शहरातले वकील. अतिशय शिस्तीचे. त्यांच्या घरात म्हणे फोडणीसुद्धा दार लावून देत. लग्न अमरावतीत झालं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाला. मागून आबासाहेब मोटार घेऊन आले, वऱ्हाडी मध्ये आले म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि नवरदेव बाशिंगासकट वाजंत्र्यांच्या मोठ्या ढोलावर जाऊन पडला. त्या दिवशी तेवढा एकच ठोका तालात पडला असेल.

वकीलसाहेब तिथेच, भर रस्त्यात बोलले, "देशमुख, ही मोटार ओरडणं बंद होईपर्यंत माझ्या दारात यायची नाही. माझी सून तिच्यात बसायची नाही."

आबासाहेब म्हणाले, "मोटर नाई, तं मीबी नाई. येईन तं मोटरीतच येईन, अन् पोरीले नेईन तं मोटरीतच नेईन."

झालं! एकाला एक भेटला. पहिली दिवाळी आली. "आगगाडीनं पाठवतो," असा वकिलांनी निरोप धाडला. आबासाहेबांचं उत्तर गेलं, "माही पोरगी काय कापसाची गाठ हाये, आगगाडीत घालाले?" कुसुम आली नाही. मोटार मात्र रोजच्यासारखी लिंबाशी ओरडायची. माझी झोप मोडायची. मी खिडकीतून चार शब्द सुनावायला तोंड काढावं, तर आबासाहेब दारात उभे राहून आत विचारत असायचे, "झाला काय व चहा?" आणि मग तसेच उभे राहायचे. मी आपली खिडकी लावून घ्यायचो. अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

पुढे अकोल्याहून निरोप आला की कुसुमला दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर वकिलांनाही मान्य. पण अट तीच. मोटार गप्प असेल तर दारात आणा आणि खुशाल घेऊन जा.

आबासाहेब त्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर," म्हणाले, "हे ओरडणं बंद नाई झालं तं पोरीचं बाळंतपण परक्या घरी होईन. माय नाई तिले. बापबी नाई काय?" त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

पण आबासाहेब पडले शेतकरी. बैलगाडीचं चाक कुरकुरलं तर काय करायचं हे त्यांना सात पिढ्यांपासून ठाऊक. त्यांनी चारी चाकांच्या ब्रेकात एरंडेल ओतलं! सढळ हातानं, वंगण घालावं तसं. आणि काय सांगू, आवाज साफ बंद झाला. मला शेजारी बसवून ते ऐटीत कापसाच्या बाजाराकडे निघाले. समोर कापसाच्या गाड्यांची रांग. आबासाहेबांनी ब्रेक दाबला. मोटार थांबेना. पुन्हा दाबला. ती आपली लोण्यातून सुरी जावी तशी चाललेली. मी रामरक्षा सुरू केली. शेवटी आम्ही एका गाडीच्या कापसात पार घुसलो. गाडीवान शिव्या देत होता, बैल आमच्याकडे बघत होते. आबासाहेब नखशिखांत पांढरे होऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "आवाज आला काय? नाई ना आला!"

मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नसतो. पण दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा ओट्यावर हजर. "मास्तर, चूक समजली. बैलगाडी घासू नये म्हून तेल पाजा लागते. ब्रेक घासलाच पायजे, तवाच थो थांबवते. म्हंजे घासावं, पण ओरडू नये."

"मग?"

"मंग काय? आधी कोनतं चाक ओरडते थे आयका लागते."

चारी चाकांचं तेल पेट्रोलनं धुऊन काढल्यावर मोटार थांबायला लागली आणि ओरडायलाही. मग सुरू झालं ऐकणं. वलगावच्या रस्त्यावर मी मोटार हाकायची, अगदी पायी चालल्यासारखी, आणि मधून मधून ब्रेक दाबायचा. मला चालवणं येत होतं असं म्हणणं धाडसाचं होईल. आबासाहेब फेटा सावरत, धोतराचा सोगा खोचून, कमरेत वाकून मोटारीबरोबर पळायचे, कान चाकाशी. एकेका फेरीला एकेक चाक. शेतातल्या बाया काम टाकून बघत. एक म्हातारा माझ्यावरच धावून आला, "काहून पळवून राह्यले जी देशमुखाले? बसवा ना आत!"

शेवटी आबासाहेब धापा टाकत उभे राहिले. "सापडलं! मागचं उजवं."

ठोकळ्यावर चढवून चाक काढलं. ब्रेकच्या आत एक पट्टा असतो, तो लोखंडाला घासून चाक थांबवतो. मागच्या उजव्याचा पट्टा झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि तो ज्यांनी ठोकला होता ती तांब्याची रिपिटं वर आली होती. तीच लोखंडावर ओरखडत होती. आबासाहेबांनी नवा पट्टा आणला. रिपिटं आत बसवली, काठ कानशीनं उतरते केले, वरून काचकागद मारला. जुना पट्टा टाकून द्या म्हटलं तर तो त्यांनी फडक्यात बांधून ठेवला. शेतकऱ्याचा हात, काही फेकवत नाही.

खरी परीक्षा त्यांनी माझ्यावर घेतली. मला म्हणाले, रविवारी दुपारी नेहमीसारखे झोपा. मी झोपलो. एकाएकी मला कुणीतरी गदागदा हलवलं. डोळे उघडतो तर आबासाहेब उशाशी उभे. "झोपले व्हते ना? खरं सांगा! मी लिंबाशी ब्रेक दाबला, मोटर दारात लावली, तुमाले जाग नाई आली ना?" आनंदानं त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र जागं व्हायचं ते व्हावंच लागलं.

आम्ही अकोल्याला निघालो. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या त्या अरुंद गल्लीत शिरलो. वकिलांच्या माडीवर स्वयंपाकघराची खिडकी गल्लीवरच होती. मोटार दारात थांबली, मांजराच्या पावलानं. आबासाहेब फेटा नीट करून वर बघत बसले. कुणी आलं नाही. खिडकीही हलली नाही.

"भोंगा वाजवा," मी म्हटलं.

"व्याह्याच्या दारात? मी काय बरफवाला हाओ?"

शेवटी मी उतरून कडी वाजवली. वकीलसाहेब बाहेर आले. त्यांनी साक्षीदार तपासावा तशी मोटार तपासली. गल्लीभर पुढे नेऊन थांबवायला लावली, मागे घ्यायला लावली, पुन्हा थांबवली. मग म्हणाले, "ठीक आहे. या, चहा घ्या." आबासाहेबांनी हात जोडले. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत ते सोडणार नव्हते.

तेवढ्यात कुसुम धावत खाली आली, त्या अवस्थेत, आणि बापाला बघून रडायलाच लागली. "बाबा, तुमी कधी आले? सकाळपासून खिडकीपाशी कान लावून बसली होती मी. आवाजच नाई आला. मले वाटलं, यंदाबी तुमी येत नाई."

आबासाहेब हसले. "गाडी दुरुस्त झाली ना बाई आता," म्हणाले. पण परतताना मूर्तिजापुरात एक लॉरी आमच्यासमोर कर्कश्श ओरडत थांबली, तरी त्यांनी बोट वर केलं नाही. ते माझ्या लक्षात राहिलं.

कुसुमला मुलगी झाली. घर पुन्हा भरलं. आबासाहेब दिवसभर नातीला मांडीवर घेऊन बसत आणि चहावर चहा पीत. मग रीतीप्रमाणे लेकीची पाठवणी झाली. ते स्वतः सोडून आले, मोटारीनं, अगदी बिनआवाज.

आणि त्यानंतरच्याच रविवारी, मी गाढ झोपेत असताना, लिंबाशी मोटार केकाटली.

मी तणतणत बाहेर आलो. "आबासाहेब, अहो, हे काय? दुरुस्त झालं होतं ना?"

"व्हय. म्या पुन्हा बिघडवलं. मागच्या उजव्याले जुना पट्टा लावला."

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"आधी आयका, मंग बोला. तीन चाकं थांबाले, एक सांगाले."

"आणि वकीलसाहेब?"

"त्यायचं म्हननं दारात ओरडनारी मोटर नाई पायजे. मी गल्लीच्या तोंडाशी उभी करतो अन् पायी जातो."

मोटारीशिवाय व्याह्याच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणून लेकीची दिवाळी घालवलेला हा माणूस पायी जाणार होता!

पुढच्या खेपेला मी मुद्दाम बरोबर गेलो. गल्लीच्या तोंडाशी आबासाहेबांनी ब्रेक दाबला. मागचं उजवं अशा काही सुरात ओरडलं की एक पानवाला दुकानातून बाहेर आला. आबासाहेब खाली उतरले, डोळे मिटून उभे राहिले. बोट हवेत.

"आयका, मास्तर."

"काही ऐकू येत नाही."

"आधी आयका."

मी कान दिला. वरच्या खिडकीतून कुणीतरी घाईघाईनं स्टोला पंप मारत होतं. मग स्टो पेटला आणि त्याची घरघर गल्लीत उतरली.

"वायसर गेलं तिच्या स्टोचं," आबासाहेब म्हणाले. "आज बदलून देतो." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी पुढे निघालो तसा माझा हात धरून त्यांनी मागे ओढलं.

"हळू चला, मास्तर. आपन पोचू तवा उकळलं पायजे."