आण्णा गेल्याची बातमी

साखर कारखान्याच्या कॉलनीत कुठलीही बातमी फुटली की लोक म्हणायचे, आकाराम सांगत होता. आकाराम गेटवरचा वॉचमन. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून जायचा, त्यामुळं बातम्या त्याच्याकडं आपल्या पायांनी चालत यायच्या. पंपावर ड्यूटी करणाऱ्या कृष्णातला ते बघवत नसे. बोनसची बातमी त्यानं आणली, डॉक्टरच्या बदलीची त्यानं आणली, साहेबाच्या पळून गेलेल्या मेहुण्याची तर नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून आणली. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर नाव आकारामचं. आकाराम नुसता पान खाताना दिसला तरी कृष्णातचा जळफळाट व्हायचा.

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलात त्याचं नशीब उघडलं. शेजारचे रिटायर मुकादम आण्णा पंधरा दिवस कोल्हापूरच्या दवाखान्यात होते. त्या सकाळी त्यांचा मुलगा विजयसिंह टेम्पो घेऊन आला. चेहरा ओढलेला. त्यानं दारात चार वेळू, एक कोरं मडकं आणि पांढऱ्या कापडाचा तागा उतरवला आणि घराला कुलूप लावून आला तसा परत गेला. कृष्णातनं त्याला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं राहिलंच काय होतं? आण्णांबद्दल त्याला वाईट वाटलं, पण ते नंतर सवडीनं वाटून घेता आलं असतं. आकारामची ड्यूटी दुपारी सुरू होणार होती.

तो तडक गिरणीत गेला. तिथं बयाबाई दळण घालत होती.

"मावशी, आण्णा गेलं. आणि ही बातमी मी सांगितली, एवढं ध्यानात ठेव."

बयाबाईनं निम्मं वाक्य ध्यानात ठेवलं. तासाभरात वाण्यानं शटर ओढलं, भजनी मंडळ टाळ घेऊन हजर झालं. मुरगूडला फोन गेला आणि आण्णांची बहीण ट्रॉलीभर बायका घेऊन रडत आली. घराला कुलूप, त्यामुळं खरं-खोटं विचारायचं तर कुणाला?

दुपारी जीप आली. जीपमधून आण्णा उतरले. दारातली गर्दी बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

प्रकार कळल्यावर आण्णांच्या मागोमाग आईसोबत उतरलेल्या विजयसिंहाचं डोकं फिरलं. वेळू दारात मांडव घालायला होते, आण्णांना उन्हाचा त्रास नको म्हणून. मडकं गार पाण्याला आणि कापड बंड्यांना. ही हूल कुणी उठवली, असं त्यानं दरडावून विचारलं. कृष्णात दोन पावलं मागं सरकला.

"आकारामनं," तो म्हणाला. "दुसरं कोण सांगणार?"

ते सगळ्यांना पटलं. गेटवरून आकारामला धरून आणलं. त्यानं आरोप ऐकला, एकवार कृष्णातकडं बघितलं आणि तोंडातलं पान चघळत राहिला. विजयसिंहानं बाह्या सरसावल्या, तेवढ्यात आण्णांची बायको चिमणाबाई मध्ये पडली.

"हात लावू नगंस त्येला. मेल्याची हूल उठली की माणसाचं आयुष्य वाढतंय. ह्येच्यामुळं ह्यांची दहा वर्सं वाढली."

तिनं पेटीतला कोरा फेटा काढला. आकारामला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि आण्णांच्या शेजारी जेवायला बसवलं. भजनी मंडळ आलेलंच होतं, त्यानं आनंदानं टाळ धरले. कृष्णातला ते सहन होईना. बातमी माझी होती, असं तो चारचौघांत म्हणाला आणि साक्षीला बयाबाईकडं वळला.

"मगाशी तूच आकारामचं नाव घेतलंस न्हवं?" बयाबाई म्हणाली. "आता फेटा दिसला म्हणून फिरतोयस व्हय?"

लोक पोट धरून हसले.

घरी कृष्णातनं ताटाला हात लावला नाही. शेवटी तो बायकोला, तानाबाईला म्हणाला, "तुझा तरी इस्वास बसंल का? ती बातमी मी सांगितल्याली."

"ठावं हाय की मला," तानाबाई भाकरी थापत म्हणाली.

सगळ्या कॉलनीत एक तरी माणूस खरं जाणून होतं. कृष्णातनं ताट पुढं ओढलं, पहिला घास घेतला आणि मायेनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आकारामनं."