काही नाही म्हणजे काय काय?

आमच्या शकूआत्यासमोर "काही नाही" हे दोन शब्द कुणी उच्चारू नयेत. माणूस घाईत असो, ताटावर बसलेला असो, बस पकडायला निघालेला असो, तो तिथंच अडकतो.

औरंगपुऱ्यात एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत आत्याच्या शेजारी नवरदेवाची आजी बसली. आत्यानं तिला पाहुण्यांची ख्याली-खुशाली विचारली नाही, हळदीकुंकवाचं विचारलं नाही. पहिल्याच घासाला म्हणाली, "तुमच्या सासूबाई काय काम करायच्या?"

आजी म्हणाली, "काही नाही हो. घरीच असायच्या."

आत्यानं हातातली जिलेबी ताटात ठेवली.

"काही नाही म्हणजे काय काय?"

आजीला वाटलं, बाईला ऐकू कमी येत असावं. तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. आत्यानं पुन्हा तेच विचारलं. मठ्ठा येईपर्यंत आजीला आठवलं की सासूबाई गायी-म्हशी बघायच्या. भात येईपर्यंत आठवलं की जनावरं विकत घेताना सासरे त्यांना बरोबर न्यायचे. आणि पंगत उठायच्या वेळेला आजी स्वतःच चकित होऊन सांगू लागली की सासूबाईंना घोड्याचे दात बघून त्याचं वय सांगता यायचं, आणि बाजारातले घोडेवाले त्यांच्या दारात येऊन उभे राहायचे. तोवर चार नातवंडं आणि दोन आचारी ऐकायला जमले होते. तिकडं स्टेजवर आजीला फोटोसाठी हाका मारत होते. आजी काही उठेना. सासूबाईंवर इतका वेळ बोलायला तिला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना आत्या खूश होती. स्कूटरवर मागं बसून माझ्या कानात म्हणाली, "बघ सुध्या. घोड्याचे दात. आणि ही बया म्हणते काही नाही."

शकूआत्या म्हणजे माझ्या वडलांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन लावून तिनं वर्षानुवर्षं औरंगाबादला जालन्याशी, नांदेडशी, मुंबईशी जोडून दिलं. ती सवय निवृत्त झाल्यावरही गेली नाही. समोर बसलेल्या माणसालाही ती आधी "हॅलो" म्हणते. बोलता बोलता दूध उतू जायला लागलं तर "लाईनवर राहा" असं सांगून स्वयंपाकघरात जाते. आणि एखादा फारच पाल्हाळ लावायला लागला की ट्रंक कॉलवाल्यांना विचारायची तशी गोड आवाजात विचारते, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" आमच्याकडं येणाऱ्या एका विमा एजंटानं या वाक्याचा अर्थ लागेना म्हणून येणंच सोडून दिलं.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी माझी आजी वारली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी तिचं हे चौकशीचं खूळ सुरू झालं. आम्हाला वाटलं, रिकाम्या वेळेचा उद्योग आहे, चार दिवसांनी थांबेल.

त्याला फोडणी घातली भाऊकाकांनी. भाऊकाका म्हणजे आमच्या घराण्यातले सर्वांत वडील पुरुष, वडलांचे चुलतभाऊ. ते घराण्याची वंशावळ छापायला निघाले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमचे मूळ पुरुष दौलताबादच्या किल्ल्यावर सरदार होते. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर टाकायला त्यांनी एका पेंटरकडून तलवारीचं चित्रही काढून घेतलं होतं. ती तलवार घेऊन ते आमच्याकडं आले. सगळ्यांनी चित्र पाहिलं, वा वा केलं. आत्यानं वंशावळ खालपासून वरपर्यंत वाचली. पुरुषांपुढं सरदार, जमादार, पाटील, शिक्षक, ओव्हरसिअर असं लिहिलेलं होतं. बायकांची नावंसुद्धा जागोजागी गाळलेली होती. एके ठिकाणी नुसतं "पत्नी दोन" असं होतं.

आत्यानं विचारलं, "आणि या दोघी काय करायच्या?"

भाऊकाका हसून म्हणाले, "बायका काय करणार? काही नाही."

माझ्या आईनं हातातला ट्रे घट्ट धरला. भाऊकाकांना काही कळलं नाही, पण आम्हाला कळलं की आता हे प्रकरण लवकर मिटत नाही.

तेव्हापासून दर रविवारी आत्या आणि मी स्कूटरवरून निघायला लागलो. कुठल्या गावात घराण्यातली म्हातारी बाई हयात आहे हे तिला सगळं तोंडपाठ असायचं. शेकडो लोकांचे नंबर डोक्यात ठेवणारी बाई, तिला नाती काय जड. लिहून मात्र काही घ्यायची नाही. म्हणायची, कागद काढला की म्हाताऱ्या सरकारी बोलायला लागतात.

तिच्या हाताला काय काय लागलं म्हणून सांगू. आमची एक चुलतपणजी विंचू उतरवायची. दुसरी एक बाळंतिणीला दूध कमी पडलं की गल्लीतल्या पोरांना स्वतःच्या अंगावर पाजायची, त्यामुळं अर्ध्या गावाशी आमचं दूधभावाचं नातं निघालं. आणि एक होती राधाक्का. तिला लोक भांडायला बोलवायचे. ज्यांना स्वतःला भांडता येत नाही अशा गरीब स्वभावाच्या बायका तिला निरोप धाडायच्या. राधाक्का पदर खोचून जायची, त्यांच्या वतीनं दुपारभर भांडायची आणि चोळीचा खण घेऊन परत यायची. ही माहिती मिळाल्यावर आत्या माझ्या आईकडं बघून म्हणाली, "म्हणजे आपल्यात वकिली पहिल्यापासून आहे."

सगळ्यांत मोठं घबाड लागलं ते वेरूळला. तिथं घराण्यातली एक जख्ख म्हातारी, सगळे तिला बायजाक्का म्हणतात, ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. आत्यानं तिला सरदारांबद्दल विचारलं.

"कुठला सरदार?" बायजाक्का म्हणाली. "त्यो व्हय. त्यो गंजीवर बसायचा."

किल्ल्यावरच्या जनावरांसाठी कडबा रचून ठेवायचे, त्या गंजीची राखण करायला आमचे मूळ पुरुष नेमलेले होते. राखण करताना ते बहुतेक वेळ झोपलेले असत, असं बायजाक्काच्या आजेसासूनं तिला सांगितलं होतं. मग घर कसं चालायचं, असं आत्यानं विचारलं. बायजाक्का म्हणाली, "बायकू करायची की. रस्त्याकडंला चूल मांडून भाकऱ्या इकायची. येणारा जाणारा, शिपाई, बैरागी, समदी तिच्याकडं जेवायची. लई नाव व्हतं तिच्या भाकरीचं. त्या भाकरीवर तर जमीन घेतली."

परतीच्या वाटेवर आत्या इतकी हसली की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. घरी येऊन तिनं थेट भाऊकाकांना फोन लावला. हॅलो म्हणाली आणि सांगितलं की आपलं घराणं तलवारीवर नाही, तव्यावर उभं आहे, तेव्हा मुखपृष्ठावर तवा टाकावा.

भाऊकाका महिनाभर आमच्याकडं आले नाहीत. मग मध्यस्थी झाली. तलवारीशेजारी तवा ठेवावा असं ठरलं, पण पेंटरनं काढलेलं ते चित्र ढाल-तलवारीसारखंच दिसायला लागलं आणि त्यावर आत्या बिथरली. शेवटी गणपती छापला. आत मात्र भाऊकाकांनी मुकाट्यानं बायकांची नावं आणि कामं घातली. राधाक्कापुढं काय लिहावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी "समाजकार्य" असं लिहिलं.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. आत्या पणजीची चौकशी करायची, चुलतपणजीची करायची, लोकांच्या सासवांचीही करायची. स्वतःच्या आईबद्दल तिनं कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

आत्याची आई म्हणजे माझ्या आजोबांची पहिली बायको. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर वर्षा-दोन वर्षांत ती तापानं गेली. आत्या तेव्हा अगदी लहान होती. आजोबांनी दुसरं लग्न केलं, ती माझी आजी. तिनं आत्याला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. आम्हा नातवंडांना तर मोठं होईपर्यंत ठाऊकही नव्हतं की आत्याची आई वेगळी. घरात पहिल्या बाईचा फोटो नव्हता, विषयही निघत नसे.

पुस्तिका वाटायच्या दिवशी सगळं घराणं वेरूळला जमलं. जेवणं झाल्यावर बायजाक्कानं आत्याला जवळ बोलावलं आणि आपण होऊन म्हणाली, "समद्यांचं पुसलंस, शके. तुझ्या मायचं नाय पुसलं." मग बायजाक्काच पुढं म्हणाली, "मला बी फार ठावं नाय. त्या टायमाला ती शहरात, मी इथं. पर तुमच्या वाड्यामागं हलीमाबी राहायची. तुझ्या मायचं अन् तिचं लई गूळपीठ व्हतं. चिकलठाण्याला असती म्हनं नातवाकडं. बघ, हाय का."

पुढच्या रविवारी आत्या इस्त्रीची साडी नेसून तयार होती. जालना रोडला लागल्यावर ती नेहमीसारखी कानाशी बोलेना. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही शोधलंस? सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "लहानपणी एकदा बाबांना विचारलं होतं. म्हणाले, साधी होती बिचारी. तेवढंच. आणि तुझ्या आजीला कसं विचारायचं? तिनं मला न्हाऊ-माखू घातलं, माझ्या नोकरीसाठी बाबांशी भांडली. तिच्यासमोर मी माझी आई शोधायला लागले असते, तर तिला वाटलं असतं, आपलंच कुठंतरी कमी पडलं."

सिग्नल सुटला. आजी गेल्यानंतरच आत्याच्या तोंडाला प्रश्न का फुटले, ते मला त्या गर्दीत, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकता ऐकता कळलं.

हलीमाबी भेटली. विमानतळाच्या पलीकडं, नव्या वस्तीत, तळमजल्यावरच्या घरात खाटेवर बसलेली. पांढरीधोप, नजर अधू, पण आवाज खणखणीत. मी आजोबांचं नाव सांगितलं तर तिनं हात पुढं करून आत्याचा चेहरा चाचपला.

"गंगा की बेटी," ती म्हणाली. "बैठ."

आत्या बसली. इतक्या लोकांना विचारून विचारून गुळगुळीत झालेला तो प्रश्न तिला त्या दिवशी नीट विचारता येईना. शेवटी म्हणाली, "खाला, माझी आई काय करायची?"

"काय करायची म्हंजे? रफू करायची," हलीमाबी म्हणाली. "तुला कुणी बोललं नाही? आख्ख्या गल्लीत असा हात नव्हता."

मग तिनं सगळं सांगितलं. मोठ्या घरच्या सुनेनं लोकांचे कपडे सांधावेत हे आमच्या घरात चाललं नसतं. म्हणून हलीमाबी गिऱ्हाइकांचे कपडे आपल्या घरी घ्यायची आणि मागच्या भिंतीवरून आत्याच्या आईकडं द्यायची. दुपारी आजोबा कचेरीत असताना ती रफू करायची. नाव हलीमाबीचं व्हायचं, काम गंगेचं. शेरवान्या, शाली, लग्नातले शालू, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. आत्या तेव्हा तिच्या मांडीवर असायची आणि सुई बघून रडायची नाही, उलट दोऱ्याचं टोक तोंडात धरायची.

पोलीस ॲक्शननंतर हलीमाबीच्या नवऱ्यानं ती गल्ली सोडायचं ठरवलं. सामान बांधताना हलीमाबीच्या निकाहातली हिमरूची, औरंगाबादी वेलबुट्टीची शाल ट्रंकेच्या कडीत अडकून टरकन फाटली. ती तिथंच रडत बसली. गंगेनं भिंतीवरून हात पुढं केला, शाल मागून घेतली आणि आत गेली. टांगा दारात उभा होता, नवरा ओरडत होता, तरी हलीमाबी हलली नाही. उन्हं कलल्यावर भिंतीवरून शाल परत आली. दोघींची भेट ती शेवटची.

हलीमाबीनं नातसुनेला सांगून ट्रंकेतली शाल काढून घेतली आणि आत्याच्या मांडीवर ठेवली.

"कुठं फाटली होती?" आत्यानं विचारलं.

"मैं क्या बोलूँ बेटी. पहिली काही सालं माहीत होतं. आता मलाबी सापडत नाही. तू बघ."

आत्या शाल घेऊन दाराच्या उजेडात गेली. उंबऱ्यावर बसली. मीही वाकून पाहिलं. वेलबुट्टी सगळीकडं सारखी. उलटी करून पाहिली, तिथंही काही नाही. चहा आला, आत्यानं कप बाजूला ठेवला. मग तिनं चष्मा काढला, डोळे मिटले आणि बोटांनी शाल चाचपायला सुरुवात केली, एका काठापासून, ओळीनं.

नातसून मला हळूच म्हणाली की दादीजान दमली असेल, आता निघायला हरकत नाही. खाटेवरून हलीमाबी म्हणाली, "राहू दे तिला."

आत्याचं बोट एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर सावकाश सरकत होतं. दुपार कलली, दारातलं ऊन तिच्या पायांवर आलं. मग एका पानापाशी ते बोट थांबलं. मी जवळ जाऊन पाहिलं. तिथं काही होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण आत्यानं ते बोट तिथून उचललं नाही.