सावत्र वाफा

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा प्रयोग चुकला नव्हता! प्रयोग चोख होता. घर चुकलं!

थंडी ओसरली आणि बाबांनी जाहीर केलं, घरामागच्या अंगणात फरशी घालायची. कशासाठी? तर पावसाळ्यात त्यांच्या स्कूटरची चाकं चिखलात रुततात म्हणून! फरशीवाला मापं घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी फरश्यांची चळत भिंतीला टेकून उभीसुद्धा राहिली. मी नुकतीच वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन घरी परतलेली. घरात माती म्हणून होती ती एवढीच, आणि तिच्यावर स्कूटर? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, एक हंगाम द्या," मी म्हटलं. "गवत आंबवून मी द्रवखत तयार केलंय. त्यावर टोमॅटोचं पीक दुप्पट येतं, हे सिद्ध करून दाखवते. आलं तर अंगण मातीचं राहील."

"आणि नाही आलं तर?"

"तर मी स्वतःच्या हाताने फरशी घालीन!"

फुशारकी मारायला काय जातं?

भिंतीलगत मी सारख्या मापाचे दोन वाफे केले. दोन्हीकडे एकाच पुडीतलं बी, एकाच उंचीची रोपं, कडेने झेंडू. उजव्या वाफ्याला माझं खत. डाव्याला नुसतं पाणी.

"म्हणजे याला काहीच नाही?" आईने विचारलं.

"पाणी आहे की."

"नुसतं पाणी?"

"आई, हा तुलनेचा वाफा आहे. यालाही काही दिलं, तर खताने फरक पडला की नाही ते कळणार कसं?"

"कळलं गं," आई म्हणाली. पण तिने डाव्या वाफ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दोघांना जेवायला बसवून मी एकाला ताट वाढलं होतं आणि दुसऱ्यापुढे रिकामा पेला आपटला होता!

आत्या आमच्याकडेच राहते. ती दारातून म्हणाली, "सावत्र आईसुद्धा निदान चारचौघांत तरी सारखं वाढते हो!"

झालं. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव पडलं, सावत्र वाफा.

सुरुवातीला सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं. मी दर रविवारी पट्टी घेऊन उंची मोजत होते. उजवी रोपं पुढे, डावी मागे. मी खूश. आणि मग सावत्र वाफ्याने बाळसं धरलं! नुसत्या पाण्यावर!

शास्त्रात 'आपोआप' असं काही नसतं. माझं खत जमिनीखालून डावीकडे झिरपत असणार! मी दोन वाफ्यांच्या मधोमध खोल चर खणला आणि त्यात प्लास्टिकचा जाड कागद उभा केला. सावत्र वाफ्याला कळ्या आल्या.

मग ऊन! डावीकडे ऊन जास्त पडत असणार. मी स्टूल टाकून दिवसभर सावल्या मोजत बसले. शेजारच्या काकांनी भिंतीवरून डोकं काढलं.

"काय गं, टोमॅटोंवर पहारा? पळून जातायत की काय?"

"निरीक्षण चाललंय, काका."

"कर, कर. पण जेवायला तरी जा. की आज तुलाही नुसतंच पाणी?"

ऊन दोन्हीकडे सारखंच निघालं. फरक पडला तो माझ्या नाकाला. त्याचं साल निघालं.

मग एकच शक्यता उरली, माझं खत कमी पडतंय! मी मात्रा वाढवली. उजव्या वाफ्यात पानांचं असं जंगल माजलं की आत वाघ राहिला असता तरी दिसला नसता. फळ शोधायला मात्र भिंग लागायचं. आणि डावीकडे? डावीकडे टोमॅटोंनी फांद्या वाकल्या होत्या!

आता मला संशय आला. स्कूटरच्या डिकीतून कसलासा उग्र दर्प येत होता, पण बाबा म्हणाले, "हेल्मेटचा असेल. उन्हाळा आहे." मला ते पटलं. शास्त्र शिकलेली माणसं भोळी असतात! मी एक पाटी रंगवली आणि डाव्या वाफ्यात ठोकली: 'या रोपांना काहीही देऊ नये.'

संध्याकाळी काकांचा आवाज गल्लीभर घुमला, "अहो, ही पोरगी त्या बिचाऱ्यांना उपाशी तर ठेवतेच, वर पाटीही लावते!"

तोडणीच्या दिवशी सगळे अंगणात जमले. फरशीवाला आपल्या फरश्यांच्या चळतीवर पाय हलवत बसला होता. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. डावीकडून टोपली भरली, मग बादली भरली. उजवीकडून जे निघालं ते माझ्या एका मुठीत मावलं, आणि त्यातलंही निम्मं हिरवं.

फरशीवाल्याने फावडं उचललं. "मग साहेब, करू सुरुवात? डावीकडून घेतो."

"खबरदार!" आई किंचाळली.

"हात तोडीन!" आत्या.

"अहो, जिवाचं रान करून वाढवलाय तो!" हे भिंतीपलीकडून, काका!

मी सावकाश वळले. "कोणी वाढवलाय?"

काकांचं डोकं भिंतीआड बुडालं.

"मी आपलं तांदळाचं धुवण घालत होते," आई पुटपुटली. "ते काय, फेकायचंच असतं."

"मी अंड्यांची टरफलं कुटून घालायचे," आत्या म्हणाली.

"अगं बाई! तुम्हीसुद्धा? मला वाटलं, मी एकटीच!" आई तिच्याकडे वळली.

"मासे धुतलेलं पाणी," भिंत बोलली. "फक्त बुधवारी."

माझ्या कानातून वाफ निघायची बाकी होती. "बाबा, निदान तुम्ही तरी! तुम्हाला तर फरशी हवी होती!"

बाबांनी फक्त स्कूटरकडे पाहिलं. मी जाऊन डिकी उघडली. आत शेणखताची अर्धी गोणी!

"गवळ्याने दिलं," बाबा खाली मान घालून म्हणाले. "अगं, रोज सकाळी स्कूटर काढताना ते कोपऱ्यातलं रोप माझ्याकडे बघायचं."

"रोप बघत नसतं, बाबा! रोपाला डोळे नसतात! माझ्या अख्ख्या हंगामाची माती केलीत तुम्ही सगळ्यांनी! तो तुलनेचा वाफा होता!"

"उजव्याला तू होतीस," आई शांतपणे म्हणाली. "त्याला कोण होतं?"

हा प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता!

बाबांनी निकाल दिला. डावा वाफा राहील, वाढवला तरी चालेल. स्कूटर उजवीकडे उभी राहील. म्हणजे माझं शास्त्र उपटून त्यावर फरशी! आणि ती घालायची कोणी? शब्द दिलेला! मी गुडघ्यांवर बसून फरशी घातली आणि फरशीवाला कमरेवर हात ठेवून सांगत होता, "ताई, हा कोपरा वर आलाय. शिकलेल्या दिसता, पण हात नाही बसलेला."

मग मात्र मी रुसले. कडकडीत रुसले! "मला जेवायचं नाही," असं ठणकावून पाण्याचा पेला घेतला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले.

थोड्या वेळाने आई पदराखाली ताट झाकून आली. "खा गुपचूप. आत्यांना सांगू नकोस."

ती वळते न वळते तोच आत्या दोन उकडलेली अंडी घेऊन आली. "टरफलं मला परत दे हो. आणि तुझ्या आईला बोलू नकोस."

बाबांनी डिकीतून बिस्किटांचा पुडा काढून दिला. "वास येतो जरा, पण आतून पॅकबंद आहे." भिंतीवरून एक हात आला, त्यात तळलेल्या मासळीची बशी. "आज बुधवार," भिंत म्हणाली. ताटात डाव्या वाफ्यातल्या टोमॅटोच्या चकत्या होत्या, मीठ भुरभुरलेल्या. रागारागाने मी सगळ्या संपवल्या.

मंडळी, प्रश्न तत्त्वाचा आहे, त्यामुळे रुसवा मी अजून सोडलेला नाही. रोज संध्याकाळी पेला घेऊन पायरीवर बसते. फक्त हल्ली जीन्सचं बटण लागत नाही. तेवढं आमच्या घरी कोणाला सांगू नका!