दोनदा सिद्ध झालेला दोष

माणसाच्या प्रगतीचा इतिहास हा मुख्यत्वे नीट चाललेल्या वस्तूंना हात लावण्याचा इतिहास आहे. ज्यांनी हात लावला नाही त्यांची कामं वेळेत झाली, पण इतिहासाने त्यांची दखल घेतलेली नाही.

आमची संस्था या थोर परंपरेतली आहे. आम्ही संगणकाची कार्यप्रणाली तयार करतो, म्हणजे यंत्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत त्याचा सगळा कारभार जी पाहते ती. ती खुली आहे. तिचा कोड कोणीही वाचू शकतो. (अजून कोणी वाचलेला नाही, पण वाचू शकतो, हे महत्त्वाचं.) तिच्या दोन शाखा आहेत. स्थिर शाखा सर्वसामान्यांसाठी, आणि अस्थिर शाखा माझ्यासारख्या स्वयंसेवी परीक्षकांसाठी. नवे बदल आधी आमच्याकडे येतात, आमची यंत्रं बंद पडतात, आम्ही कळवतो, मग दुरुस्ती होते आणि त्या दुरुस्तीने दुसरंच काहीतरी बंद पडतं. यालाच विकास म्हणतात.

परीक्षक एकूण एकेचाळीस. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, सगळे टोपणनावाने वावरतात. शाखाप्रमुख म्हणजे मुंगळा. तो बाई आहे की बाप्या हेही ठाऊक नाही, पण एखाद्या तक्रारीला चिकटला की सोडत नाही एवढं खरं.

तक्रार कशी करावी याची सदतीस पानी नियमावली आहे. तिचं सार असं: दोष ताज्या आवृत्तीवर दिसला पाहिजे, कारण कालच्या आवृत्तीतला दोष आज बंद खात्यात जमा होतो. दोष दोनदा घडवून दाखवला पाहिजे, कारण एकदा घडतो तो योगायोग. आणि तक्रारीत भावना नसाव्यात. परीक्षण शक्यतो खऱ्या कामाच्या यंत्रावर करावं, अशीही शिफारस आहे. माझ्या यंत्रावर मी खरं काम काहीच करत नाही. म्हणून मी ताईच्या दुकानातला संगणक निवडला.

ताईचं टेलरिंगचं दुकान आहे. एक खोली, दोन शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, मागे पडद्याआड गॅसची शेगडी. मी नवी आवृत्ती चढवत होतो तेव्हा तिने तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं, "याने काय होईल रे?"

"जग पुढे जाईल."

"आणि माझं दुकान?"

"तेही जगातच आहे ना, ताई."

तिला हे पटलं असावं. निदान तिने टाचण्या परत तोंडात धरल्या.

त्या आठवड्यात ताईला आयुष्यातलं पहिलं मोठं काम मिळालं होतं. अग्निशमन दलाच्या बँडपथकाचे बत्तीस कोट, दोन आठवड्यांत. हे वेळेत झालं तर यापुढे दलाची सगळी शिवण तिच्याकडे येणार होती. माणशी अकरा मापं, एकूण तीनशे बावन्न. पूर्वी ती मापं वहीत लिहायची. ती वही मीच तिला रद्दीत द्यायला लावली होती. वही म्हणजे जुनाट कारभार, भिजली की संपलं, असं मी तिला अर्धा तास समजावलं होतं. आता सगळी मापं संगणकातल्या एका फाइलमध्ये होती. शिवाय त्या फाइलची एक प्रतही मी काढून ठेवली होती. (त्याच संगणकात. शोधायला सोपं.)

मंगळवारी सकाळी ताई कापड बेतायला बसली आणि तिने फाइल उघडली. संगणकाच्या पडद्यावर चक्र फिरत राहिलं. पडदा पांढरा व्हायला लागला तशी ताईने घाबरून भिंतीतली वायरच ओढली. (नियमावलीत हे सक्त निषिद्ध आहे. फाइल वाचली ती त्यामुळेच, पण नियम तो नियम.)

मी धावत गेलो, जुनी आवृत्ती परत चढवली, फाइल उघडली. तीनशे बावन्न मापं जागच्या जागी. ताई मटकन स्टुलावर बसली.

"थांब, आधी हे सगळं कागदावर उतरवून घेते," ती म्हणाली.

"आता कसली घाई? झालं ना चालू."

"बरं. मग आधी चहा टाकते."

ती पडद्याआड गेली. चहाला सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी माझं कर्तव्य केलं.

कोणी म्हणेल, चालू झालं होतं तर गप्प बसायचं. पण दुरुस्त झालेल्या यंत्रावर दोष दिसत नाही, आणि न दिसलेला दोष मुंगळा मान्य करत नाही. मी ताजी आवृत्ती पुन्हा चढवली आणि फाइल उघडली. चक्र फिरलं, पडदा पांढरा झाला, फाइल कोरी झाली. दोष एकदा सिद्ध. पण एकदा म्हणजे योगायोग. सुदैवाने प्रत होती. मी प्रत उघडली.

दोष दोनदा सिद्ध झाला. इतकी निर्दोष तक्रार आमच्या शाखेत पूर्वी कोणी केलेली नाही.

ताई दोन कप घेऊन आली. "मापं कुठायत?"

"तक्रार एकदम पक्की झाली बघ, ताई."

तिने कप खाली ठेवले. बराच वेळ पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला फार वाईट वाटलं. (तक्रारीत याचा उल्लेख नाही.)

मुंगळ्याचं उत्तर तासाभरात आलं: "सोबतची फाइल तपासली. ती रिकामी आहे. रिकाम्या फाइलमध्ये मजकूर न दिसणं हे अपेक्षित वर्तन आहे. तक्रार बंद."

मग बत्तीस वादक चार-चारच्या गटाने पुन्हा दुकानात आले. ताई टेप लावायची, मी नव्या वहीत लिहायचो. बँडमास्तरांनी विचारलं, "बाई, आमची मापं दोन दिवसांत बदलली का?" ताई म्हणाली, "नाही. माझा भाऊ हुशार आहे." मास्तरांनी माझ्याकडे बघून हळहळत मान हलवली. ठरल्या दिवशी एकोणतीस कोट तयार झाले. तीन ढोलवाले शर्टावरच वाजवत होते. दलाची पुढची शिवण दुसऱ्या दुकानाकडे गेली. ताई माझ्याशी बोलते, पण दुकानात गेलो की माझ्या हातात काजं करायला काहीतरी देते, हात मोकळे राहू नयेत म्हणून.

दरम्यान शाखेचा आढावा घ्यायचा दिवस आला. एकही तक्रार उरली नसेल तर अस्थिर शाखा स्थिर घोषित होते, असा नियम आहे. आमची तक्रारवही ठेवणारं यंत्रही अस्थिर शाखेवरच चालतं, तत्त्व म्हणून. मुंगळ्याने सकाळी नऊ वाजता तक्रारवही उघडली. चक्र फिरलं, पडदा पांढरा झाला. वहीत एकही तक्रार उरली नव्हती.

नऊ वाजून दोन मिनिटांनी आमची शाखा स्थिर झाली. आम्ही एकेचाळीस जणांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. आता ती आमच्यापुरती राहिलेली नाही. परवा तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात 'नवी आवृत्ती चढवू का?' असं विचारणारी एक लहानशी चौकट आली होती ना, तीच. ती नीट वाचायला चार मिनिटं लागतात. तुम्ही एका सेकंदात 'ठीक आहे' दाबलंत. या विश्वासाबद्दल संस्था आपली ऋणी आहे. काळजीचं कारण नाही. तुमचा प्रबंध, आईचे फोटो, लेकीचे दाखले, सगळं जिथल्या तिथे सुखरूप आहे. फक्त उघडू नका.