सुगरणीचा विजय

एका जंगलात, बाळांनो, त्या दिवशी असं ऊन होतं की सापालाही वाटलं, आपल्याला पाय हवे होते.

आणि त्याच दिवशी मतदान होतं. नऊ जंगलांनी मिळून एक महाबाजार काढला होता. त्यात शिरायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. शिरलं, की तिकडचा माल इकडे बिनअडथळा येणार.

या जंगलात मत उभं राहून द्यायची रीत होती. वडाच्या मावळतीला ‘होय’, उगवतीला ‘नाही’.

सकाळची वेळ. सावली मावळतीला. चाळीस जीव तिकडे दाटीवाटीनं उभे राहिले.

उगवतीच्या तापल्या दगडावर एकटी सुगरण.

“अहो, तिकडून एका मापाची तयार घरटी येतील,” ती ओरडली. “मग माझ्या विणीला कोण विचारणार?”

“तुझंच खरं गं बाई,” रानडुक्कर म्हणालं. “पण ऊन बघ की!”

“मी मनानं तुझ्याकडंच आहे,” हत्ती म्हणाला. “फक्त अंगानं इकडं.”

सुगरण बोलतच राहिली. दुसरं करणार काय?

मोजणीला कासव होतं. त्यानं मावळतीला चाळीस मोजले आणि ते उगवतीकडे निघालं. पोचलं तेव्हा दिवस कलला होता. सावली दगडावर आली होती. सावलीमागोमाग सगळेही आले होते. कासवानं नीट मोजलं. एकेचाळीस.

कोल्हा प्रधान होता. त्यानं निकाल वाचला. “होय चाळीस, नाही एकेचाळीस. एका मतानं महाबाजार नामंजूर!”

“जीव एकेचाळीस आणि मतं एक्याऐंशी?” सिंहानं विचारलं.

“महाराज, उत्साहच तेवढा होता.”

सगळ्यांनी सुगरणीला डोक्यावर घेतलं. “काय भाषण केलंस गं! आमची मनंच फिरली.”

तिला ते खरं वाटलं, बाळांनो.

तेव्हापासून ती गावोगावच्या रानात भाषणं देत हिंडते. विषय एकच, ‘आपली वीण वाचवा’. विणायला मात्र वेळ मिळत नाही. पावसाळा तोंडावर आला, तेव्हा तिनं महाबाजारातून गुपचूप एक तयार घरटं मागवलं. माप जरा मोठंच निघालं.

तात्पर्य : सावलीत उभं राहावं, म्हणजे माणूस कायम बहुमतात राहतो.

हे मी शेजारच्या भागाबाईंना ऐकवलं. त्या सुपातलं धान्य पाखडत म्हणाल्या, “ते राहू द्या, बाबा. हरली असती, तर बिचारीनं निदान घरटं तरी विणलं असतं.”