द्राक्षांच्या साराची कृती

"मराठी माणसाला वाइन कळत नाही, कारण ती त्याला कुणी पिठल्याबरोबर समजावूनच सांगितलेली नाही!"

हे वाक्य शामसुंदर गायधनींनी आरशासमोर सात वेळा म्हटलं आणि सातही वेळा त्यांना ते पटलं.

विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन गायधनींना वर्ष झालं होतं. एवढ्या अवधीत त्यांनी घरातल्या पंख्यांना तेल घातलं, स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि भाजी कशी चिरावी हे शैलाबाईंना समजावून पाहिलं. शेवटी शैलाबाईच म्हणाल्या, "अहो, कुठेतरी नोकरी बघा. पगार नाही दिला तरी चालेल!"

तशी नोकरी चालून आली. साल दोन हजार पाच. गंगापूर धरणाच्या वाटेवर नवी वायनरी निघाली होती आणि शनिवार-रविवारी लोक गाड्या भरभरून तिथे जात होते. त्यांना मराठीत चार गोष्टी सांगणारा माणूस हवा होता. तिथली मॅनेजर भाग्यश्री निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. ती म्हणाली, "काका, वाइनबरोबर चीज खा, हे कुणीही सांगतं. आमच्याकडे येणाऱ्यांच्या घरी जेवायला शेपू असतो. शेपूबरोबर काय घ्यायचं ते सांगता आलं पाहिजे. या चार बाटल्या न्या. रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला येते. जमलं, तर काम तुमचं."

गायधनी हवेत तरंगत मखमलाबाद नाक्यावरच्या आपल्या सोसायटीत आले आणि जमिनीवर आपटले. शैलाबाई बॅग भरत होत्या. भाचीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला माहेरी! पैठणी विणायला नव्हे, निवडायला. पण त्यालाही आठ दिवस लागतात.

गायधनींना स्वयंपाकातलं फक्त गॅस बंद करणं येत होतं. पण बायको बाहेरगावी गेलेल्या पुरुषाला नाशिक उपाशी ठेवत नाही. सोमवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंकडून भरल्या वांग्यांची वाटी आली. तळमजल्यावरच्या चांगुणाकडून शेपूची आली. गायधनींनी दार लावलं, बाटल्या उघडल्या. घास, घोट, वही!

'वांगी आणि लाल : सख्खे भाऊ. शेपू आणि लाल : जिभेवर गंजका खिळा. शेपू आणि पांढरी : सुटलो!'

सकाळी ओट्यावर दोन घासलेल्या वाट्या चकाकत होत्या. आणि त्या सोसायटीत मेंटेनन्स एक वेळ थकला तरी चाले, पण वाटी रिकामी परत जात नसे. गायधनींनी 'साखर' लिहिलेला डबा उघडला. आत रवा होता. 'रवा' उघडला. आत मोहरी! चिठ्ठ्या लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी शैलाबाईंनी सगळे डबे शांतपणे आपल्या सोयीने भरून टाकले होते. फ्रिजमध्ये अर्धं लिंबू आणि उघडलेल्या बाटल्या. उघडलेली वाइन फार दिवस टिकत नाही, असं भाग्यश्री म्हणाली होतीच. गायधनींनी एका वाटीत लाल ओतली, एका वाटीत पांढरी, वर झाकणं ठेवली. दारात नीट समजावून सांगू, असा त्यांचा प्रामाणिक बेत होता.

वत्सलाबाईंनी झाकण उचललं. "अगं बाई, सार केलंत? कशाचं?"

"द्राक्षांचं. म्हणजे त्याचं असं आहे की—"

"शाब्बास! बायको गेली की पुरुष हॉटेलं शोधतात. तुम्ही सार करता!" आणि दार बंद.

वत्सलाबाई एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यासमोर आजवर कुणाचंही वाक्य पूर्ण झालेलं नव्हतं.

खाली चांगुणा घाईत होती. मळ्यातली भाजी बाजारात न्यायला तिचा नवरा रंगनाथ टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. "सरबत व्हय, काका? ठेवा तिथं. सासूबाईंना देते."

"चांगुणा, ऐक, ते सरबत—" टेम्पो गेलासुद्धा.

संध्याकाळी चांगुणाच वर आली. हातात वाटी नव्हे, वाडगा. "काका, सासूबाईंना तुमचं सरबत लय आवडलं! सहा महिनं झालं, म्हातारी माझ्याशी गोड बोलली नाय. मगाशी म्हन्ली, चांगुणे, तू तशी वाईट नाय! आज जरा जास्त द्या."

एका घरात शांतता नांदू लागलेली. ती मोडायची कशी? उद्या सांगू, असं गायधनींनी ठरवलं. बुधवारी चार वाट्या आल्या. गुरुवारी नऊ! मेथी, पिठलं, मटकीची उसळ, हरभऱ्याची पालेभाजी, डांगराचं भरीत. गायधनींची वही भरत चालली आणि बाटल्या रिकाम्या. त्यांनी भाग्यश्रीला फोन लावला.

"ताई, बाटल्या संपल्या."

"चार दिवसांत चार? काका, तब्येत बरी आहे ना?"

"मी एकटा नाही हो! सगळी सोसायटी आहे."

भाग्यश्रीने त्याच संध्याकाळी बाटल्यांचं अख्खं खोकं पाठवून दिलं.

शुक्रवारी वत्सलाबाईंनी जिन्यात गाठलं. "गायधनी, साराची कृती सांगा."

"ती जरा लांब आहे."

"माझ्याकडे वही आहे."

"वेळ फार लागतो. तीन-चार महिने."

"साराला?" वत्सलाबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. "सांगायची नाही, असं सरळ म्हणा की! रविवारी सातला येते. तुम्ही करा, मी बघते."

एखाद्या बाईला कृती नाकारणं हा त्या सोसायटीत बालविवाहाच्या खालोखालचा गुन्हा होता. आणि रविवारी सातला भाग्यश्री यायची होती!

रविवारी टेबलावर सहा बाटल्या, अकरा वाट्या आणि समोर भाग्यश्री. गायधनींनी छाती भरून घेतली. "मराठी माणसाला वाइन—"

बेल वाजली.

दारात वत्सलाबाई, हातात वही. मागे चांगुणा आणि तिच्या खांद्याचा आधार घेतलेली, नवं लुगडं नेसलेली तिची सासू रंगूबाई. वत्सलाबाईंनी बाटली पाहिली, शेजारचा लाल ग्लास पाहिला आणि मग गायधनींकडे पाहिलं. गायधनींना आपण चौथीत असल्यासारखं वाटलं.

"हे सार?"

"हो, बाई."

"म्हणजे मी सहा दिवस दारू प्याले? एकादशीलासुद्धा?"

गायधनींनी मान खाली घातली. नोकरी गेली, शेजार गेला. आणि मंगळवारी शैला येणार. "चुकलो. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

तेवढ्यात भाग्यश्रीने हळूच विचारलं, "काकू, कशाबरोबर घेतलीत?"

वत्सलाबाई संतापल्या होत्या. पण एकतीस वर्षांत त्यांनी कुठलाच प्रश्न उत्तराविना सोडला नव्हता.

"पहिल्या दिवशी भरल्या वांग्यांबरोबर. उत्तम. पण मी जिऱ्याची फोडणी दिली, तिथे बिघडलं. फोडणीने वास मरतो. दुसऱ्या दिवसापासून नुसतं घेतलं."

"आणि हरभऱ्याच्या भाजीबरोबर?"

"छे! तोंड तुरट. तिथे चांगुणाकडचं पांढरं मागवलं. ते बरोबर बसलं. मटकीला लाल चालेल, पण उसळीत गूळ कमी घालायचा. आणि ठेच्यावर काहीही देऊ नका. पाणी द्या!"

भाग्यश्रीचं पेन धावू लागलं होतं. गायधनींनी आपली वही पुढे सरकवली. "ठेच्याबद्दल माझंही असंच निरीक्षण—"

"मध्ये बोलू नका," वत्सलाबाई आणि भाग्यश्री एकदमच म्हणाल्या.

"आन् मला?" रंगूबाईने खुर्ची ओढली. "मी लुगडं कशापायी बदललं?"

काम वत्सलाबाईंना मिळालं. त्यांनी एकच अट घातली. "मी बसने येणार नाही. ज्यांनी मला यात ओढलं, ते नेतील आणि आणतील. एवढी शिक्षा पुरे."

पहिल्या शनिवारी चाळीस पाहुणे आले. वत्सलाबाई बोलत होत्या आणि एकाचाही ग्लास त्यांच्या परवानगीशिवाय ओठाला लागत नव्हता. मागच्या भिंतीपाशी गायधनी उभे होते. एका हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्या हातात वत्सलाबाईंची पर्स.

शेजारच्या पाहुण्याने कुजबुजत विचारलं, "तुम्ही पण वायनरीतच का? काय बघता?"

गायधनींनी पर्स दुसऱ्या हातात घेतली, शर्टाची कॉलर नीट केली आणि अधिकारी आवाजात म्हणाले,

"वाहतूक विभाग."