साळिंदराच्या सुईची सतरावी सुधारणा

एका जंगलात शूलपाणी राहत होता. जातीने साळिंदर. अंगावर काटे किती, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मुलांनो, तुम्ही मोजायला जाऊ नका. मी गेलो होतो.

त्या काळी कुणाच्या अंगावर गाठ आली, की अस्वलवैद्य ती नखाने उघडून बघत. गाठ निघे सुपारीएवढी, जखम होई खरबुजाएवढी. बरेच प्राणी गाठीतून वाचत आणि तपासणीत जात. शूलपाणीला याचं मनापासून वाईट वाटे. त्याने स्वतःचा एक काटा उपटला, आतून कोरला, टोकाशी खाच पाडली, मागे वेताची कमान बसवली. कमान दाबली की 'खट्' व्हायचं आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा खाचेत बसून बाहेर यायचा. टाका नाही, पट्टी नाही.

तो तुकडा मग गिधाडकाकूंकडे जाई. मांसाची पारख त्यांच्याइतकी कुणाला असणार? गाठ साधी की वाईट, ते त्या अचूक सांगत. तपासलेला नमुना परत मागायचा नाही, एवढीच त्यांची अट होती.

शूलपाणीचं नाव झालं. त्याने पपईवर प्रात्यक्षिकं केली, वांग्यावर केली, मग सशावर केली. ससा भित्रा म्हणून बदनाम, पण तोही मुकाट बसला. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं शूलपाणी प्रत्येकाला सांगे.

आणि एके दिवशी त्याच्या बायकोच्या हाताला त्याच्याच मानेखाली गाठ लागली. बायकोचं नाव मृदुला. साळिंदरांत असं नाव कसं ठेवतात, ते मला विचारू नका.

मृदुला म्हणाली, उद्याच वैद्यांकडे जाऊ, सुई तर घरचीच आहे. शूलपाणी म्हणाला, जाऊ की. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला आणि वैद्यांकडे दिलेली सुई परत घेऊन आला. तिच्यात जराशी सुधारणा करायची आहे, म्हणाला.

कमानीच्या 'खट्'ने रुग्ण दचकतो, म्हणून त्याने शेवरीचा कापूस बसवला. कापसाने वेग मंदावला, म्हणून कमान बदलली. मग सुई धरताना वैद्यांच्या पंजाला घाम येतो, असं त्याच्या ध्यानात आलं. आपल्याला घाम येत नाही, असं खुद्द अस्वल सांगत होतं, पण संशोधकापुढे अस्वलाचं काय चालणार? मग मुठीचा रंग आला. रंगासाठी समिती आली. समितीत गोगलगाय होती. पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळाही गेला, सोळा सुधारणा झाल्या. तिकडे वैद्यांनी पुन्हा नखं परजली. इकडे गाठ लिंबाएवढी झाली.

हसू नका, मुलांनो. दाढ किडली तेव्हा मी दंतवैद्याकडे न जाता तीन वर्षं टूथपेस्ट बदलत होतो.

शूलपाणी सतराव्या सुधारणेला बसला, तेव्हा मात्र मृदुलाचा धीर सुटला. "अहो, अंगभर सुया घेऊन फिरता आणि एका सुईला घाबरता?"

तो वाळूत रेघोट्या मारू लागला. "सुईला नाही गं. मुंगी चावते आणि निघून जाते. ही चावल्यावर काहीतरी सांगते. ती काय सांगेल, त्याची भीती वाटते."

"तुम्ही तिला गप्प ठेवलंत, म्हणून गाठ गप्प बसलीय का?"

मृदुलाने त्याला जवळ घेतलं, साळिंदरं घेतात तसं बेताने, आणि दोघंही रडली.

सकाळी तिने वैद्यांना बोलावलं. त्यांना बघताच शूलपाणीचे झाडून सगळे काटे उभे राहिले. मुद्दाम नव्हे, अंगच त्याचं ऐकेना. वैद्य चार पावलं मागे सरले आणि आले तसे परत गेले.

मृदुलाने विचार केला. नवऱ्याची भीती मोठी होती, पण त्या भीतीहून मोठं असं त्याच्यात एक होतं. तिने सभा बोलावली. पलीकडच्या तीन जंगलांतून पाहुणे आले. शूलपाणी सतरावी सुधारणा झालेल्या सुईवर बोलायला उभा राहिला आणि बोलता बोलता खुलला. कौतुक ऐकलं की त्याचे काटे आपोआप खाली बसत. मग अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे म्हाताऱ्या कासवीने, प्रात्यक्षिक मागितलं. पपई सापडेना. ती मृदुलाने सकाळीच खाऊन टाकली होती. पाहुणे कुजबुजू लागले. संशोधकाचाच सुईवर भरवसा दिसत नाही, असं कुणीतरी मागून म्हणालं.

शूलपाणीने मान पुढे केली. वैद्यांनी कमान दाबली. तुकडा खाचेत आला आणि शूलपाणी आडवा झाला.

शुद्धीवर आला तेव्हा गिधाडकाकू समोर बसल्या होत्या. त्यांनी तोंड पुसलं. "वाईट काही नाही. तुमचाच एक काटा बाहेर यायचं सोडून आत वळलाय. काढला की झालं. वर्षापूर्वी आला असतात तर चिमटीत निघाला असता."

मृदुला ढसाढसा रडली. शूलपाणीही रडला. मग डोळे पुसून त्याने तिथेच आपला अहवाल लिहायला घेतला. सतराव्या सुधारणेचं यश म्हणून त्याने पहिलंच वाक्य लिहिलं: "प्रयोग चालू असताना रुग्ण पूर्णपणे शांत होता."

तात्पर्य: दुसऱ्याला टोचायचं असेल, तर सुई आहे तशी उत्तम असते. स्वतःला टोचून घ्यायची वेळ आली, की तिच्यात सुधारणेला भरपूर वाव दिसू लागतो.